कुत्रं कुणाचं?

गल्लीत कुत्रं चावलं की जखम किती खोल हे नंतर बघतात. आधी विचारतात, "कुत्रं कुणाचं?"

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत हा प्रश्न निघाला आणि उत्तर होतं, माझं.

आमचा खंड्या तांबडा, गावठी, साडेचार वर्षांचा. मी बातमी टाईप करत बसलो की पायाशी येऊन पडणार. भाकरीचा पहिला तुकडा त्याचा, मटण आलं की हाडं त्याची. घरात त्याला 'कुत्रं' म्हटलेलं कुणाला चालत नाही. त्या दिवशी फाटक उघडं होतं. गल्लीतलं आठ-नऊ वर्षांचं पोरगं बॉल आणायला आत पळत आलं आणि खंड्यानं पोटरी धरली. दोन दात लागले. एका बाईनं मिरचीपूड आणली, दुसऱ्यानं चुना. मी दोन्ही बाजूला सारून नळाखाली साबणानं जखम धुतली आणि पोराला गाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याला लस दिलीय?" मी छाती काढून म्हणालो, "दिलीय की."

घरी येऊन कार्ड काढलं. पुढच्या डोसची तारीख उलटून चार महिने झाले होते.

दर २८ सप्टेंबरला रेबीज दिनाची बातमी करणारा हा पत्रकार! स्वतःच्या दारातल्या कुत्र्याची तारीख विसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "पोराची इंजेक्शनं आपण पूर्ण करूच. तुम्ही कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा, नजर ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजायचं."

त्या दहा दिवसांत पोराची आजी रोज सकाळी फाटकाशी यायची. पहिल्या दिवशी तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न. "खाल्लं का वं कुत्र्यानं?"

"खाल्लं, काकू."

"पाणी पिलं?"

"पिलं."

मग ती जायची. रात्री झोप नव्हती. त्या रात्री मी माणसाच्या आणि कुत्र्याच्या जुन्या हिशेबाबद्दल जमेल ते वाचून काढलं. त्यातलं थोडं आज सांगतो, कारण हा हिशेब आपल्या गावालाही लागू आहे.

सुरुवात आपल्या भागापासून करू. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडलला, भीमा आणि सीनेच्या संगमावर, शके ९४० चा म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. सर्वात जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते आणि आपल्याला त्याचा रास्त अभिमान आहे. पण त्याच्याही आधी सुमारे सत्तर वर्षं, एका कुत्र्याचं नाव दगडावर कोरलं गेलं होतं.

तेव्हा आपल्या मुलखावर राष्ट्रकूटांचं राज्य होतं. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं आजचं मळखेड. इथून फार लांब नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याची इ.स. ९४९ मध्ये तक्कोलम इथं चोळांशी मोठी लढाई झाली. त्याच्या बाजूनं गंग घराण्याचा राजा बुतुग लढला आणि चोळ राजपुत्र राजादित्य त्यात मारला गेला. बुतुगाच्या पदरी मणलेर नावाचा एक वीर होता. त्याची कामगिरी बघून स्वामी खूश झाला आणि म्हणाला, माग काय मागायचं ते. मणलेरानं गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. त्यानं 'काळी' नावाचं शिकारी कुत्रं मागितलं.

पुढं काळीला एका दांडग्या रानडुकरावर सोडलं. दोघं झुंजले आणि दोघंही मेले. मणलेरानं आतकूर गावात देवळासमोर काळीचा दगड उभा केला. आतकूर आजच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात येतं. दगडावर कुत्रं आणि डुक्कर झुंजताना कोरलेत, भोवती जुन्या कन्नडमध्ये ही सगळी हकीकत आहे. आज तो दगड बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

पण मला या लेखात थांबवलं ते शेवटच्या भागानं. मणलेरानं दगड उभारून विषय संपवला नाही. त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. देवळाचं बघणाऱ्यानं दगडाची पूजा न करता जेवण केलं तर त्याला पाप लागेल, असंही कोरून ठेवलं. म्हणजे माया होतीच, पण मायेच्या मागं व्यवस्था होती. कोण करणार, कशातून करणार, नाही केलं तर काय, हे सगळं ठरवून दिलेलं. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला कळलेली गोष्ट मला कार्डावरची तारीख बघून कळली.

आता कुणी म्हणेल, ते राजेरजवाड्यांचं झालं. साध्या माणसाचं काय? आपल्या जिल्ह्याला ते सांगायची गरज नाही. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी पोळी खाऊ नको म्हणून, ही कथा पंढरपूरच्या वाटेवरचं लहान पोरगंही सांगतं. खंडोबाच्या पायाशी घोड्याबरोबर कुत्रं असतंच. सोलापूरजवळ बाळ्याला किंवा नळदुर्गला खंडोबाच्या जत्रेत गेलात तर वाघ्या दिसतो. तो स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो, कोटंब्यात भिक्षा घेतो. आमच्या खंड्याचं नावही तिथूनच आलं.

धनगरांच्या वाड्यावर तर कुत्रं हा घरातला गडीच. विजापूर, जमखंडी ओलांडलं की मुधोळ. तिथले राजे घोरपडे, मराठा घराणं. लांब पायाचं, बारीक कंबरेचं, वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं त्यांच्या संस्थानच्या नावानं 'मुधोळ हाउंड' म्हणून ओळखलं गेलं. आपल्याकडं त्यालाच करवानी म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. पुढं लष्करानंही त्याला तालीम दिली. आज लोक जर्मन शेफर्डला हजारो रुपये मोजतात आणि आपल्या उन्हातान्हात टिकणारं करवानी फुकट मिळालं तरी नको म्हणतात. हे माझं मत, रागावू नका.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू भाग.

१८३२ सालचं मुंबई. भटकी कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्याचं भय होतं, म्हणून उन्हाळ्याच्या महिन्यांत रस्त्यावरची कुत्री मारायचा कंपनी सरकारचा कायदा होता. त्या वर्षी एका कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस लावलं. पैसा आला आणि भटकं कुठलं, पाळीव कुठलं हा फरक पुसला. मारणारे शिपाई घरादारातली कुत्रीही उचलू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात जागा आहे. माणूस गेला की त्याच्या देहाला कुत्र्याचं दर्शन घडवायचा विधी आहे, त्याला 'सगदीद' म्हणतात. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्टात ही कत्तल चालली असताना जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैनही त्यात आले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचं दूध-पाव तोडलं. सरकारनं फौज आणली, धरपकड केली. नंतर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या बड्या मंडळींनी मध्यस्थी केली, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची असं ठरलं.

ही हकीकत वाचताना आधी मी मनातून पारशांच्या बाजूनं होतो. मग गल्लीतल्या पोराची पोटरी आठवली आणि सरकारची बाजूही दिसली. १८३२ मध्ये पिसाळलेलं कुत्रं चावलं तर जगात कुणाकडंच औषध नव्हतं. सरकारच्या हातात फक्त काठी होती.

औषध आलं त्यानंतर ५३ वर्षांनी. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, कुत्र्यानं चावलेल्या पोराला लस टोचायला सुरुवात केली. पोरगं वाचलं. १९०० मध्ये आपल्याकडं कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. पोटात चौदा इंजेक्शनं आठवतात? आमच्या वडलांच्या पिढीला कुत्र्यापेक्षा त्यांचीच भीती जास्त होती. ती लस कसौलीतच बनली होती. आता ती बंद झाली. आता दंडात टोचतात, थोडे डोस असतात, फक्त तारखा चुकवायच्या नाहीत. एक गोष्ट मात्र तेव्हाचीच आजही खरी आहे. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणता येईल इतकी कमी उदाहरणं आहेत.

आणि लस कुत्र्यालाही देता येते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली की रोगाची साखळी तुटते. म्हणजे १८३२ चं सरकार 'दुसरा उपाय नव्हता' असं म्हणू शकत होतं. आपण म्हणू शकत नाही.

तरीही आपण त्याच जुन्या भांडणात अडकलोय. एक बाजू म्हणते मारा, दुसरी म्हणते हात लावाल तर बघा. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असं सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून पुन्हा त्याच जागी सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हटवायला सांगितलं. प्रत्येक आदेशानंतर मोबाईलवर युद्ध. इकडं रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्याचा वाद २०१२ मध्ये पेटला, २०२५ मध्ये पुन्हा पेटला. इतिहासाचा पुरावा काय म्हणतो ते अभ्यासकांनी बोलावं, मी त्यात शिरत नाही. मला एवढंच दिसतं की दगडाच्या कुत्र्यावर आपण जेवढं बोललो, त्याच्या दहावा हिस्साही जिवंत कुत्र्याच्या लसीवर बोललो नाही.

आता मंद्रूपकडं या. रात्री विजापूर रस्त्याला गाडी घेऊन जाणाऱ्यांना विचारा, आठवडी बाजार उठल्यावर तिथं बघा. ही कुत्री आभाळातून पडली नाहीत. कुणाच्या तरी घरी कुत्री व्याली. पिल्लं वाटताना पहिला प्रश्न काय असतो? "नर हाय का मादी?" नर जातो. माद्या पोत्यात घालून रस्त्याकडेला, नाहीतर दुसऱ्या गावाच्या वेशीवर. वर्षभरात त्या मादीला पिल्लं. मग आपणच म्हणतो, कुत्री वाढली, पंचायत झोपली का?

पंचायतीला विचारा, जरूर विचारा. २०२३ च्या नियमांनी नसबंदी आणि लसीची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकलीय. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी स्वतः मांडणार आहे. पण त्याआधी आपल्या दारातलं बघू. कुत्रं पाळलंय ना? मग वर्षाला लस, गळ्यात पट्टा, फाटकाला कडी. पिल्लं नको असतील तर पशुवैद्याला विचारून नसबंदी. रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज भाकरी घालताय? पुण्य आहे. पण ते ज्या हातची भाकरी खातं, त्याच हातात लसीला धरून राहतं. दुसऱ्या कुणाच्या हाती ते लागत नाही. तूप घेऊन धावणाऱ्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. लस घेऊन धावणारा गावात अजून दिसायचाय.

दहावा दिवस उजाडला. आजी नेहमीसारखी फाटकाशी. मी खंड्याला साखळीसकट पुढं आणलं. तो शेपूट हलवत उभा. आजीनं त्याला खालीवर बघितलं, पदराखालून चतकोर भाकरी काढली आणि लांबूनच टाकली.

"पोराचं शेवटचं इंजेक्शन राहिलंय," मी म्हणालो. "मी नेतो त्याला."

"न्या की," ती म्हणाली. "आन् ह्याला कधी नेताय?"

त्याच दिवशी नेलं. पुढची तारीख आता कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलीय, एकादशीच्या वर. तुमच्या घरच्या कार्डावर कुठली तारीख आहे, आज उठून एकदा बघा.