मागचा स्टॅबिलायझर बार : जुन्या स्पोर्ट्‌स कारवरील बसवणी

मोटारीच्या मागच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा, बहुधा यू आकारात वाकवलेला स्प्रिंग-पोलादाचा आडवा दांडा. वळणावर गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला कलते. तो कल कमी करणे हे त्याचे काम. स्वे बार, अँटी-रोल बार ही याचीच नावे, पण गॅरेजमध्ये ‘स्टॅबिलायझर’ म्हटले की पुरते. या कल्पनेचे पेटंट कॅनडातील फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाले. पुढे मोटारींच्या पुढच्या बाजूला हा दांडा सर्रास दिसू लागला. मागच्या बाजूला देताना मात्र कारखानदारांनी हात आखडता घेतला. त्यामागे काटकसर होती तसे शहाणपणही होते. जुन्या गाड्यांचे हौशी मालक तो नंतर बसवून घेतात आणि पुष्कळदा शहाणपणाचा भाग विसरतात.

तत्त्व : हा दांडा म्हणजे पीळ घेणारी स्प्रिंग. तिचे थोरले भावंड पाहायचे तर अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियम गाठावे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयातील पॅटन किंवा विजयंता रणगाड्याच्या पोटात तळाशी असे पीळदांडे आडवे टाकलेले असतात आणि रणगाड्याचा भार तेच पेलतात. तिथे दांड्याचे एक टोक सांगाड्यात पक्के रोवलेले असते. मोटारीत दोन्ही टोके दोन चाकांकडे जातात आणि मधला भाग बुशांमध्ये मोकळा फिरतो. त्यामुळे गतिरोधकावर मागची दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर दांडा नुसता फिरतो, जोर लावत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवण्याच्या खटपटीत तो गाडीचे अंग सरळ करू पाहतो.

दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून १६ मिमीचा दांडा काढून १९ मिमीचा घातला, तर तीन मिलिमीटरच्या फरकाने ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. टोकाकडचे हात २०० मिमीऐवजी १८० मिमीचे केले तरी तो सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. उलट दांडा पोकळ घेतला आणि आतला व्यास बाहेरच्या निम्मा ठेवला, तर वजन चौथाईने घटते, ताठपणा मात्र सहा-सात टक्केच कमी होतो. अखंड एक्सलच्या गाडीत आणखी एक हिशेब असतो. दांड्याची टोके जोडणाऱ्या एक्सलवरच्या दोन लिंकांमधले अंतर चाकांमधल्या अंतराच्या ७० टक्के असेल, तर चाकांपाशी जोडल्यावर मिळाला असता त्याच्या निम्माच परिणाम हाती लागतो. दांडा ‘जाड’ आहे एवढ्यावर खूष होऊन विकत घेणाऱ्याने हे गुणाकार आधी करावेत.

याच्या जोडीला एक गैरसमज घट्ट बसलेला आहे : कल कमी झाला म्हणजे पकड वाढली. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वेग व वळणाची त्रिज्या यांवर ठरते. दांडा त्या एकूण भारात काहीच बचत करत नाही. पुढच्या जोडीने किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, एवढीच वाटणी बदलतो. टायरवर भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे ज्या जोडीच्या वाट्याला भाराची जास्त अदलाबदल येते, तिची एकूण पकड घटते. मागे दांडा बसवला की पुढचे टोक वळणात चपळाईने शिरते, आणि मागचे सुटण्याच्या अधिक जवळ येते. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, साध्या डिफरेन्शियलच्या गाडीत आतले मागचे चाक हलके पडून जागच्या जागी फिरू लागते. पावसाळ्यात ओल्या घाटात वळणामध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन काढला की हाच दांडा गाडी गरकन फिरवण्याला हातभार लावतो.

इतिहासातील ठळक उदाहरण : इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी. एकसंध पत्र्याचा सांगाडा, पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे अखंड एक्सल आणि कमानपाटे अशी तिची रचना. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या बंपर-नियमांसाठी गाडी जमिनीपासून उंच करण्यात आली आणि खर्च वाचवण्यासाठी पुढचा दांडाही काढून टाकण्यात आला. गाडी वळणात इतकी झुकू लागली, की १९७७ च्या मॉडेलपासून कंपनीला जाड पुढचा दांडा परत द्यावा लागला आणि सोबत मागचाही दांडा आला. मागच्या दांड्याचे कौतुक करणारे ही गोष्ट अर्धीच सांगतात. कंपनीने मागचा एकटा दिला नव्हता. पुढचा दांडा नसलेल्या गाडीला मागचाच बसवणे हा बहुतेक वेळा उलटा क्रम होय.

झुलत्या एक्सलच्या (स्विंग ॲक्सल) गाड्यांत तर मागचा दांडा टाळावाच. मद्रासमध्ये १९६१ पासून बनलेली आणि महाराष्ट्रातही परिचित असलेली स्टँडर्ड हेरल्ड अशाच रचनेची. जोराच्या वळणात तिचे बाहेरचे मागचे चाक पोटाखाली दुमडू पाहते. तिची बहीण ट्रायंफ स्पिटफायर सुधारताना १९७० मध्ये इंग्रज अभियंत्यांनी नेमके उलटे केले : मागचा आडवा पाटा मध्यभागी डोलेल असा बसवून मागचा कलविरोध कमी केला आणि पुढचा दांडा जाड केला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती : जिल्ह्यात वळणे कमी नाहीत. संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरचा इमामपूर घाट, अकोल्याहून राजूर-भंडारदऱ्याकडे जाताना लागणारा विठा घाट. पण याच जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या धावतात, आणि डांबराच्या कडा तुटून एकाच बाजूची चाके खड्ड्यात जाण्याचे प्रसंग रोजचे. दांड्यामुळे एका चाकाचा दणका दुसऱ्याच्या अंगावर येतो. जाड दांडा घातलेली हलकी गाडी अशा रस्त्यावर मागून डावी-उजवीकडे हिसके देते. इथल्या वापरासाठी बारीक, मोजक्या ताठपणाचा आणि लिंकची जागा बदलता येणारा दांडा बरा.

गाडीचे वळणावरचे वागणे मोजण्याची शास्त्रीय रीत आयएसओ ४१३८ या मानकात आहे. ठराविक त्रिज्येच्या वर्तुळावर वेग हळूहळू वाढवत नेऊन स्टिअरिंग किती जास्त किंवा कमी वळवावे लागते ते नोंदतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयबरोबर अहिल्यानगरच्या वाहननगरातील व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्थाही आहे. हौशी मालकाला तिथे शिरकाव नसला तरी वर्तुळाची रीत रहदारीला बंद असलेल्या मोकळ्या मैदानावर खुंट्या रोवून कमी वेगात करून पाहता येते. दांड्याआधी आणि दांड्यानंतर. ‘आता गाडी रुळावरून चालल्यासारखी वाटते’ या शेऱ्यापेक्षा स्टिअरिंगवर चिकटवलेली खुणेची पट्टी अधिक खरे बोलते.

बसवणी : आधी कमानपाट्यांचे बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि टायर नीट करावेत, झिजलेल्या बुशांवर दांडा चढवणे म्हणजे पैसे पाण्यात. गाडी जॅकवर कधीच सोडू नये, घोड्यांवर टेकवावी. दांडा एक्सलच्या नळीला क्लॅम्पने बांधून लिंका सांगाड्याकडे नेता येतात किंवा दांडा सांगाड्याला आणि लिंका एक्सलकडे. नळीला ब्रॅकेट वेल्ड करू नये. उष्णतेने नळी वाकते आणि बेअरिंगे त्याची किंमत मोजतात. पातळ पत्र्याला नुसते भोक पाडून बोल्ट घातला तर महिन्याभरात तडा दिसतो, म्हणून आतून जाड पोलादी पट्टी देऊन भार पसरवावा. तयार दांडा गॅसने तापवून वाकवण्याचा मोह कारागिराला होतो; तसे केल्याने पोलादाचे पाणी उतरते आणि तो त्याच जागी तुटतो.

नंतर एक्सल खालच्या आणि वरच्या टोकापर्यंत हलवून दांडा सायलेन्सर, हँडब्रेकची केबल, ब्रेकची नळी, पेट्रोलची टाकी यांना कुठे लागत नाही ना, हे बोट घालून तपासावे. गतिरोधकांचा विचार करून सर्वांत खालच्या लिंकेची जमिनीपासूनची उंचीही मोजावी. लिंकांचे शेवटचे कसणे गाडी चाकांवर उभी करून, चालक बसवून करावे. एक लिंक जोडली की दुसरीची लांबी अशी जुळवावी की बोल्ट हाताने आत सरकेल. तो ठोकून घालावा लागला, तर दांड्यात आधीच पीळ आहे आणि गाडी डाव्या-उजव्या वळणात वेगळी वागेल. रबरी बुशांना साधे ग्रीस लावू नये, रबर फुगते. पॉलियुरेथेनला सिलिकॉन ग्रीस चालते.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १५ जुलै २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या, बिगर-व्यावसायिक वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीस ५,००० रुपये. अट अशी, की चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. बोल्टने बसवलेला दांडा या शब्दांत थेट सापडत नाही. सांगाडा कापून वा वेल्ड करून केलेल्या जागा मात्र सापडू शकतात. मूळ भोके वापरणारी आणि पाना फिरवून पूर्ववत होणारी बसवणी म्हणून श्रेयस्कर. काढलेले मूळ नट-बोल्ट पिशवीत चिठ्ठी लावून जपावेत. बसवल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा कसावेत आणि दर पावसाळ्यानंतर बुश व ब्रॅकेटभोवतीचा पत्रा टॉर्च लावून पाहावा.