आचार्यमुष्टि

पाली वाङ्मयात 'आचरियमुट्ठि' असा एक मार्मिक शब्द आढळतो. शिष्याला सर्व काही शिकवून अखेरचे मर्म तेवढे जो आचार्य झाकून ठेवतो, त्याची ती मूठ. महापरिनिब्बान सुत्तातील प्रसंग असा : वैशालीजवळच्या बेलुव गावी अखेरच्या वर्षावासात भगवान बुद्ध प्राणांतिक व्याधीतून उठले, तेव्हा आनंदाला हायसे वाटले. भिक्षुसंघाविषयी काही सांगितल्यावाचून तथागत देह ठेवणार नाहीत, असा त्याचा भरवसा होता. बुद्धांनी तो भरवसाच काढून घेतला. आतले एक, बाहेरचे एक असा भेद न करता धर्म सांगून झालेला आहे, आपल्यापाशी अशी मूठ नाही; भिक्षूंनी आता स्वतःचा आणि धर्माचाच आश्रय करावा, असे त्यांचे सांगणे.

चीनमधील लू राज्यात कन्फ्यूशियसच्या (इ. स. पू. ५५१–४७९) शिष्यांनाही हीच शंका होती. 'लुन-यू' या संवादसंग्रहात एक शिष्य गुरुपुत्राला विचारतो, पित्याने तुला काही वेगळे शिकविले काय? पुत्र सांगतो की, अंगणातून जाताना दोन वेळा हटकून काव्य आणि आचारविधी यांचा अभ्यास करण्यास सांगितले, एवढेच. गुरुदक्षिणा म्हणून सुक्या मांसाची जुडी घेऊन येणाऱ्या कोणालाही कन्फ्यूशियस शिकवीत असे. (आपल्याकडील समित्पाणि शिष्याची येथे आठवण होते, वस्तू निराळी, भाव तोच.) मात्र एक कोपरा दाखविल्यावर उरलेले तीन ज्याला शोधता येत नसत, त्याला तो पाठ पुन्हा मिळत नसे.

अशा गुरूच्या मागे शिष्यांची कसोटी अवघड होते. मेन्शियस सांगतो की, यू-रुओ हा गुरूसारखा भासतो म्हणून काही शिष्य त्याचीच गुरुवत् सेवा करावयास निघाले. त्सेंग-त्झूने स्पष्ट नकार दिला. इकडे मगधाचा मंत्री वस्सकार याने आनंदाला विचारले, बुद्धांनी कोणाला आपल्या जागी नेमले आहे काय? आनंद म्हणाला, नाही. तरीही भिक्षू निराधार नाहीत, धर्म हाच त्यांचा आधार.

हा निर्धार पुढे सर्वत्र टिकला नाही. चीनमधील ध्यानसंप्रदायाने महाकाश्यपापासून बोधिधर्मापर्यंत २८ आचार्यांची मालिका सिद्ध केली आणि शब्दांपलीकडचे काही गुरूच्या चित्तातून शिष्याच्या चित्तात उतरत आले, असे मानले. इतिहासकार तिला उत्तरकालीन रचना म्हणतात, ते योग्यच आहे. पण मठाच्या छायेत वाढलेल्याने तिला हसू नये. ग्रंथ विचारलेल्या शंकेचे निरसन करील. न विचारलेली शंका शिष्याच्या मुखावर वाचण्यास समोर कोणीतरी बसलेला असावा लागतो.

कन्फ्यूशियसच्या शिष्यांनी पित्यासाठी पाळावा तसा तीन वर्षे शोक पाळला आणि एकमेकांचा निरोप घेऊन ते आपापल्या घरी गेले. त्झू-कुंग तेवढा परतला. समाधीजवळ झोपडी बांधून तो आणखी तीन वर्षे तेथे एकटाच राहिला.