आर्थर रोडची अफवा, १८९६

२९ ऑक्टोबर १८९६. मुंबईतील आर्थर रोड रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. आत प्लेगचे रुग्ण होते. जमावाची खात्री होती की येथे माणसे बरी करत नाहीत, मारतात.

डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला तो सप्टेंबरमध्ये. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला : रुग्णाला, प्रसंगी बळाने, घरातून हलवून रुग्णालयात न्यावे. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले. मग कंड्या पिकल्या. अपमानाचा सूड म्हणून राणीने प्रजेची काळिजे मागविली आहेत; रुग्णालयात माणसांच्या देहांतून 'मोमियाई' नावाचे औषध काढतात.

आज हसू येते. पण त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहा. घरचा माणूस परक्यांनी उचलून नेला. नेलेल्यांपैकी बहुतेक दगावले. सोवळे-ओवळे, बाईची अब्रू, मृताचे संस्कार, कशाचीच पत्रास उरली नाही. संतापाचे कारण अगदी खरे होते, आणि त्या खरेपणावर स्वार होऊन मोमियाई चाळीचाळीत पोहोचली. संतापलेला माणूस पुरावा मागत नाही. मागणाऱ्यालाच तो फितूर समजतो.

वाहन बदलले, रीत तीच. 'सायन्स' नियतकालिकातील २०२४ च्या एका अभ्यासात फेसबुक आणि ट्विटरवरील मजकूर तपासला गेला. विश्वसनीय बातम्यांहून खोटी माहिती अधिक संताप चेतवते, आणि असा मजकूर न वाचताच पुढे धाडण्याकडे लोकांचा कल असतो, असे त्यात दिसले. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना 'मुले पळवणारे' समजून जमावाने ठार केले. मुलांविषयीची भीती खरी. व्हॉट्सॲपवरील टोळी मात्र कोणी पाहिलेली नव्हती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग त्याने घटतो. संतापाच्या मुळाला हात लागत नाही.

मुंबईत स्नो यांना हुकूम सौम्य करावा लागला. पुढे हिंदू, पारशी, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये काढू दिली गेली. तेथे उशाशी आपले माणूस असे, अन्नपाणी आपल्या हातचे.