क्षमापत्रांचा हिशेब

फ्रान्समधील ओतँ येथील कॅथीड्रलच्या दारावर बाराव्या शतकात कोरलेला शिल्पपट अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या अखेरीस ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा निवाडा करील त्या दिवसाचा आहे. मध्यभागी ख्रिस्त विराजमान असून बाजूला आत्मे तोलण्याचा तराजू आहे आणि त्याच्यापाशी देवदूत व सैतान यांची ओढाताण चाललेली दिसते. निरक्षर भाविकाला त्या दारातून जाता-येता उमगत असे ते एवढेच, की आपल्या कर्मांचे वजन होणार आहे. धर्मशास्त्र मात्र वेगळे सांगत आले होते. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप राहू शकतो, या धर्मोपदेशक पेलागियसच्या मताचा धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने प्रतिवाद केला, 418 मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने ते मत त्याज्य ठरवले आणि देवाच्या कृपेवाचून, म्हणजे लायकी न पाहता मिळणाऱ्या दानावाचून, तारण नाही हा सिद्धांत रूढ झाला. सिद्धांत आणि लोकसमजूत यांच्यातील या फटीतच पुढे क्षमापत्रांचा व्यवहार फोफावला.

त्याची मांडणी वरवर पाहता निर्दोष होती. पापाचा दोष पापकबुलीनंतर धर्मगुरूने दिलेल्या क्षमेने मिटतो, पण त्याबद्दलची कालमर्यादित शिक्षा उरते आणि ती उपास, दान, यात्रा अशा प्रायश्चित्ताने फेडावी लागते, असे चर्च शिकवीत असे. हयातीत न फिटलेली बाकी शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी आत्म्याला ताप सोसावा लागणाऱ्या अवस्थेत, फेडावयाची होती. क्षमापत्र ही त्या बाकीतील सूट होती. पापाची क्षमा विकत मिळते असे चर्चने अधिकृतपणे कधीच म्हटले नाही. परंतु शिक्षा वर्षांत मोजता येते असे एकदा ठरले, की तिचा भाव ठरायला फार वेळ लागत नाही.

1095 मध्ये क्लेर्माँच्या परिषदेत पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेमच्या मोहिमेवर भक्तिभावाने जाणाऱ्यांना सर्व प्रायश्चित्त माफ केले. ही सवलत कोणत्या शिलकीतून दिली जाते, याचे उत्तर 1343 मध्ये पोप सहाव्या क्लेमेंटने दिले: ख्रिस्ताचे व संतांचे अपार पुण्य चर्चच्या निधीत जमा असून त्याच्या किल्ल्या पोपकडे आहेत. 1476 मध्ये पोप चौथ्या सिक्स्टसने मृतांसाठीही क्षमापत्र घेण्याची मुभा दिली आणि दिवंगत आईबापांची काळजी असलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक झाला. दरम्यान छपाई आली होती. तारीख छापलेला युरोपातील सर्वांत जुना उपलब्ध मुद्रित कागद 1454 चा असून तो सायप्रसच्या रक्षणासाठी काढलेले क्षमापत्रच आहे. मजकूर छापलेला, आणि घेणाऱ्याचे नाव व दिवस हाताने भरण्यासाठी जागा कोरी.

1515 मध्ये रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी निघालेल्या क्षमापत्रांचे जर्मनीतील काम माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याच्याकडे आले. हे पद मिळवण्यासाठी त्याने फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढले होते, आणि जमणाऱ्या रकमेपैकी निम्मी रोमला व निम्मी त्या कर्जापोटी जावी, असा व्यवहार ठरला. त्याच्या सूचनापत्रात राजे व बिशप यांना 25 सोन्याचे गुल्डन, मोठ्या सरदारांना 10, व्यापाऱ्यांना 3, कारागिरांना 1 असा ऐपतीप्रमाणे दर होता. कफल्लकांनी उपास व प्रार्थना करावी, कारण स्वर्ग गरिबांनाही खुला असावा, असेही त्यात म्हटले होते. हे शेवटचे कलम टीकाकार सहसा विसरतात.

सॅक्सनीचा अधिपती फ्रेडरिक याने आपल्या मुलखात ही विक्री बंद ठेवली, त्यामागे धर्मविचार फारसा नव्हता; त्याला स्पर्धा नको होती. विटेनबर्गच्या त्याच्या चर्चमध्ये संतांच्या अस्थी व तत्सम अवशेषांचा संग्रह होता. 1520 च्या सुमारास त्यांची संख्या 19,000 च्या घरात होती आणि त्यांच्या दर्शनाने शुद्धिस्थानातील सुमारे 19 लाख वर्षे वाचतात, असे गणित होते. तरीही विटेनबर्गकर सीमा ओलांडून युटरबोगला योहान टेट्झेल या डोमिनिकन विक्रेत्याकडे जात आणि कागद आणून आपल्या धर्मगुरूला, मार्टिन ल्यूथरला, दाखवीत.

31 ऑक्टोबर 1517 रोजी ल्यूथरने आल्ब्रेख्तला पाठवलेल्या 95 विधानांत शुद्धिस्थान नाकारलेले नाही. त्याची तक्रार अशी, की लोक खऱ्या पश्चात्तापापासून दूर जात आहेत. खरा घाव नंतरचा. बायबलमधील पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील देवाचे नीतिमत्त्व त्याला आधी शिक्षा करणाऱ्या न्यायाधीशाचे वाटे. पुढे तेच विश्वासाने माणसाला बहाल होणारे दान आहे, असे त्याने मानले. माणसाचे सत्कृत्यही स्वार्थाने डागाळलेले असते, म्हणून ते न्यायासनापुढे मोबदला म्हणून मांडता येत नाही, आणि ज्याला तारण आधीच मिळाले आहे तोच निरपेक्षपणे शेजाऱ्याच्या कामी येतो, असा त्याचा युक्तिवाद होता. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असे सांगणारे याकोबाचे पत्र त्याला अडचणीचे वाटले, आणि त्याने त्याला गवताच्या काडीची किंमत दिली. ही त्याच्या मांडणीतील उघडी बाजू आहे.

1547 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने ल्यूथरचा केवळ विश्वासाचा आग्रह फेटाळला, परंतु कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, असे म्हणणाऱ्यालाही तिने बहिष्कृत ठरवले. म्हणजे वाद कर्माच्या अपुरेपणावर नव्हताच. कृपेने घडलेल्या कर्माला न्यायाच्या दिवशी मोल आहे की नाही, यावर होता. 1567 मध्ये पोप पाचव्या पायसने पैशांशी निगडित सर्व क्षमापत्रे रद्द केली. पैशाविना मिळणारी ती सूट कॅथलिक चर्चमध्ये आजही चालू आहे.