गढूळ पाण्यातला रावस : आमिष निवडण्याचं शास्त्र

हाटकेशमध्ये राहून मासे गरवायचा नाद लागलेल्या माणसाला दोन पाणी जवळ आहेत. उत्तरेला घोडबंदर, वर्सोवा पूल आणि भाईंदरच्या रेल्वे पुलाखालून समुद्राकडे जाणारी वसईची खाडी, आणि पश्चिमेला उत्तन-चौकचा उघडा दर्या. रावस दोन्हीकडे मिळतो. पण खाडीत चाललेलं आमिष दर्यात चालेलच असं नाही, आणि दर्यात अष्टमीला चाललेलं पौर्णिमेला चालेल याचीही खात्री नाही. दुकानात नकली माशांच्या, म्हणजे लूरच्या, खोक्यांसमोर उभं राहिलं की बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. माझ्या मते रंग हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा : आजच्या पाण्यात माशाला आमिषाची चाहूल लागणार कशी? वासाने, हालचालीने की डोळ्याने? याचं उत्तर मिळालं की आमिष कोणतं, ते किती वेगाने ओढायचं आणि किती खोल सोडायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

मासळीच्या दुकानात ‘इंडियन सॅमन’ अशी पाटी लावून विकला जाणारा रावस सॅमनच्या कुळातला नाही. त्याचं शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम आणि कूळ पॉलिनेमिडी. हा भेद इथे महत्त्वाचा आहे, कारण होडीमागे आमिष ओढत नेण्याच्या, म्हणजे ट्रोलिंगच्या, विद्येवरचं कितीतरी लेखन उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या खऱ्या सॅमनभोवती झालेलं आहे. तिथलं पाणी थंड, खोल आणि हिरवट स्वच्छ असतं. तिथे हेरिंग किंवा अँचोवी आमिषाला लावतात, तिच्या पुढे चकाकणारी मोठी पट्टी फिरत ठेवतात, आणि जाड शिशाचा गोळा तारेने खाली सोडून आमिष हव्या त्या खोलीवर धरतात. ही सगळी मांडणी एका गृहीतावर उभी आहे : मासा लांबून चमक पाहील आणि जवळ येईल. वसईच्या गढूळ खाडीत हे गृहीतच कोसळतं. तिथे चमकणाऱ्या पट्टीवर केलेला खर्च म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे.

रावसाचं शरीर नीट पाहिलं तर तो कोणत्या पाण्यासाठी घडला आहे ते कळतं. छातीच्या परांखाली दोन्ही बाजूंना चार-चार सुटे धागे असतात आणि त्यांनी तो चाचपतो. नाक पुढे आलेलं असतं, तोंड त्याच्या खाली. डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो. दात बारीक, पण जबड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत पसरलेले आणि कानशीसारखे खरखरीत. कोळंबी, जवळा, बोय, मांदेली हे त्याचं खाणं. चिखलाच्या उथळ पाण्यात, तळाशी किंवा तळाच्या जवळ, डोळ्यांइतकंच इतर इंद्रियांवर विसंबून जगणारा हा मासा आहे. यातून दोन गोष्टी लगेच ठरतात. आमिष पाण्याच्या खालच्या तिसऱ्या भागातून गेलं पाहिजे. कोळंबीच्या मागे तो वर येतोही, पण त्या भरवशावर दिवस काढता येत नाही. दुसरी गोष्ट, हुकाच्या वर पोलादी तार लागत नाही. जाड नायलॉनचा एक हात पुरतो, फक्त प्रत्येक माशानंतर तो बोटांनी चाचपून खरखरीत झालेला भाग कापून टाकावा. सुरमई किंवा बळा येण्याचा संभव असेल तर तारेचा प्रश्न वेगळा, पण तारेने लूरची चाल जड होते हे विसरू नये.

आता पाणी. ते किती गढूळ आहे हे नजरेच्या अंदाजावर सोडू नये. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं, आणि ही पद्धत आजही वापरात आहे. आपल्याला घरातली पांढरी थाळी, खाली बांधलेलं थोडं शिसं आणि दर हातावर गाठ मारलेली दोरी एवढं पुरे. थाळी अर्ध्या मीटरच्या आत नाहीशी झाली तर डोळ्याचा विचार सोडावा आणि वास व कंप यांवर निवड करावी. अर्धा ते दीड-दोन मीटरपर्यंत दिसली तर कंप आणि आकार. त्याच्या पुढे दिसली तरच चमक आणि रंग यांवर वेळ घालवण्यात अर्थ आहे. या मर्यादा माझ्या व्यवहारी सोयीच्या आहेत, निसर्गाचे नियम नव्हेत, पण त्यांनी होडीवरचे निम्मे वाद मिटतात.

थाळी पाण्यात जाण्याआधीच पंचांग बरंच सांगून जातं. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाण्याचा चढ-उतार चार मीटरच्या वर जातो, तर भांगेला तो त्याच्या निम्म्याहून कमी राहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास एवढं पाणी सहा-सहा तासांत आत-बाहेर करतं तेव्हा खाडीचा तळ ढवळून निघतो आणि ती मातट लाट उत्तनच्या पुढेही पसरते. अष्टमीच्या सुमारास प्रवाह मंदावतो आणि गाळ बसतो. म्हणून ढोबळ सूत्र असं : उधाणाला वासाचं आमिष, भांगेला लूर. भरतीची वेळ काढायला जुना हिशेब आहेच, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. मोबाइलवरचं कोष्टक अधिक नेमकं असतं हे खरं, पण या हिशेबाने घरबसल्या आठवडाभराचं चित्र डोळ्यांपुढे येतं.

वास आणि वेग यांचं वैर आहे, आणि आमिष निवडताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वास पाण्यात स्वतः धावत नाही. आमिषातून सुटणारा रस प्रवाह नेईल तिकडेच जातो. आमिष जितकं जोरात ओढावं तितका तो रस लांब पट्ट्यावर विरळ होतो. तेव्हा खरं आमिष ताज्या रसासाठी लावायचं आणि चार नॉटने पळवायचं हे एकमेकांना छेद देणारं आहे. कंपाचं उलट आहे. लूर हलल्याशिवाय कंप नाही, म्हणून त्याला वेग लागतोच. माशाच्या अंगावरची बाजूची रेषा पाण्याची ही ढवळ टिपते, पण ती अगदी जवळून, शरीराच्या लांबीच्या थोड्याफार पटीतच. पोटात पोलादी गोळ्या असलेल्या लूरचा खुळखुळाट मात्र दूर पोचतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. या सगळ्याचा अर्थ असा की गढूळ खाडीत ताजं आमिष लावून होडी जवळजवळ प्रवाहाबरोबर वाहू द्यावी. तिथे खरं ट्रोलिंग हट्टाने करू नये. ट्रोलिंगचं पाणी उत्तनच्या बाहेरचं.

वेगाबाबत एक फसगत ठरलेली. मोबाइलवरचा जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवतो, लूरला फक्त पाण्यातला वेग कळतो. समजा खाडीच्या मुखाशी ओहोटी दोन नॉटने बाहेर चालली आहे आणि होडी तिच्याबरोबर निघाली आहे. मोबाइलवर पाच नॉट दिसतात, पण लूर तीननेच पोहतो आहे. तिथून होडी वळवली आणि मोबाइलवर पाचच कायम ठेवले, तर लूर सातने ओढला जातो. तो गिरक्या घेतो, वर येऊन पाण्यावर सरपटतो. सुरमईला सात नॉट चालतील. रावसाला दीड ते तीन पुरे. उलट्या दिशेने तेच तीन राखायचे तर मोबाइलवर एकच नॉट दिसायला हवा. म्हणून आकड्यापेक्षा गळकाठीच्या टोकावर लक्ष ठेवावं. लूर नीट चालत असेल तर टोक एकसारखं थरथरतं.

खऱ्या आमिषात पहिला मान जिवंत कोळंबीचा. ती सावकाश पोहते तेव्हा पुढे जाते, पण घाबरली की शेपटीचा झटका देऊन मागे उसळते. म्हणून वाहत्या होडीवरून हुक शेपटीच्या टोकाजवळ घालावा, म्हणजे ओढ बसली की ती पळणाऱ्या कोळंबीच्याच दिशेने जाते. मधोमध हुक घातला तर ती गरगर फिरते आणि दोरी पिळवटते. अशा वेळी स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, असली तरी पुरती मदत होत नाही.

मेलेल्या आमिषात चव दुय्यम, चिवटपणा महत्त्वाचा, कारण ओढताना फाटून गेलेल्या आमिषाला चव असून उपयोग नाही. या कसोटीवर माकुलाची लांब चीर सर्वांत वर. त्याखाली खवल्यांसकट बोय, मग बांगड्याच्या पोटाची कातडीसकट चीर. तारली मऊ, मांदेली त्याहून मऊ. मांदेली रावसाचं रोजचं खाणं असूनही दोन नॉटला हुकावर तिचं डोकंच उरतं. बोंबलाचा तर विचारच नको. त्याच्या अंगात ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणून तर तो वलांडीवर एवढा सुकतो आणि हुकावर टिकत नाही. प्रशांत किनाऱ्यावरचे लोक हेरिंग रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून घट्ट करतात. आपल्याकडे तर मिठागरं शेजारीच आहेत. तारली किंवा लहान बोय जाड्या मिठात थर देऊन रात्रभर ठेवावी. मांस आवळतं, खवले धरून राहतात, आणि रस पूर्ण जात नाही. प्रशांत किनाऱ्यावरच्या लोकांचीच दुसरी युक्ती म्हणजे हेरिंगचं डोकं तिरकं कापणं. त्या तिरक्या छेदामुळे मासा पाण्यात जखमी असल्यासारखा गिरकी घेतो. टणक बोयीवर ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे. तिरकेपणा जास्त तितकी गिरकी उभी व जलद, आणि छेद सरळ झाला की मासा नुसता लाकडासारखा येतो.

लूरमधला आजचा ओळखीचा प्रकार, पुढे ओठ असलेला मिनो, फिनलंडच्या लाउरी रापाला याने १९३६ साली कॉर्कपासून कोरला. वर चांदीचा कागद गुंडाळला आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. मोठे मासे कळपातला लंगडत पोहणारा लहान मासा आधी उचलतात हे त्याने पाहिलं होतं. त्यामुळे त्याचा भर रंगापेक्षा चालीवर होता. ओठावर येणारं पाणी लूरला खाली दाबतं आणि ओठ आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सोडतो, त्यातून लूर डुलतो. ओठ मोठा आणि अधिक सपाट असेल तर लूर खोल जातो, दोरी बारीक असली तर आणखी खोल. उत्तनसमोर पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळच आहे. तीन ते पाच मीटर उतरणारा मिनो बहुतेक ठिकाणी पुरतो, आणि शिशाचा गोळा व तारेचं यंत्र वाहून नेण्याचं कारण उरत नाही. उथळ पाण्यात इंजिनाचा आवाज मात्र माशाला बुजवतो, म्हणून दोरी लांब सोडावी, तीस-चाळीस मीटर तरी.

पण एकच लूर घ्यायचा तर मी मिनो घेणार नाही. शिशाचं डोकं असलेला रबरी मासा घेईन, चपट्या शेपटीचा. तो दीड नॉटलाही शेपटी हलवतो, मधल्या गढूळपणात कंप पोचवतो, आणि त्याचा एकच हुक वर तोंड करून असतो. त्या हुकावर माकुलाची बारीक चीर टोचली की वास आणि कंप दोन्ही साधतात. प्रत्यक्षात हाच मध्यममार्ग सर्वांत जास्त दिवस उपयोगी पडतो. चमचा, म्हणजे स्पून, स्वच्छ भांगेच्या पाण्यात सुंदर चालतो, पण तो वरवर राहतो.

रंगाचं थोडक्यात. स्वच्छ समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो आणि निळा सर्वांत खोल जातो. गाळाच्या पाण्यात निळा लवकर संपतो आणि पिवळसर हिरवा उजेड उरतो. तिथे पोपटी व सोनेरी दिसतात, निळे-रुपेरी हरवतात. संधिप्रकाशात खालून पाहणाऱ्या माशाला केवळ आकृती दिसते, तेव्हा काळपट लूर उठून दिसतो. बाकी खोक्यावरचे डोळे आणि पट्टे हे बऱ्याच अंशी गिऱ्हाइकाला पकडण्यासाठी असतात.

आकाराबाबत मात्र हात आखडून चालत नाही. मासा जवळ्यावर तुटून पडला असेल तर पंधरा सेंटीमीटरचा मिनो त्याच्यासमोरून गेला तरी तो ढुंकत नाही. तेव्हा सर्वांत लहान रबर लावावं. उलट मोठा लूर लहान माशांना टाळून मोठ्यांना निवडतो, आणि रावसात मोठे मासे म्हणजे माद्या. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठ्या लूरमागे लागलेल्या माणसाच्या टोपलीत म्हणूनच अंडी घालणाऱ्या माद्याच जास्त येतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळाबाहेरही हे लक्षात ठेवून लूरचा आकार मध्यम ठेवलेला बरा.

शेवटचा निकष पाठ्यपुस्तकात नसतो. खाडीच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या वाहतात आणि तीन काट्यांचा हुक त्या न चुकता गोळा करतो. पिशवी अडकली की लूरची थरथर थांबते. त्यामुळे तिथे मिनोचे त्रिशूळ काढून एकेरी हुक लावावेत. उत्तनसमोर अडचण वेगळी, डोलीची, म्हणजे कोळ्यांच्या पिशवीसारख्या जाळ्याची. डोल प्रवाहाच्या तोंडावर लावलेली असते, आणि एका त्रिशूळाने तिला पडलेलं भोक शिवायला कोळ्याचा दिवस जातो. खाडीचं मातट पाणी आणि दर्याचं हिरवट पाणी जिथे भेटतं ती रेघ रावसासाठी सर्वांत चांगली. लपायला गढूळ, शिकारीला स्वच्छ. त्या रेघेच्या कडेने ओढावं, डोलीचे बोये दिसले की लांबून वळावं. पाणी थांबलं की कोळी डोली उचलायला येतात, आणि त्या वेळी रावसही सुस्त असतो. तेवढ्या वेळात दोऱ्या वर घ्याव्यात, मिठातली बोय बदलावी, पाणी फिरलं की थाळी पुन्हा सोडून पाहावी.