वासराच्या कातड्यावरचे पंखांचे वासरू



मूर्तीच्या पीठावरचे लांछन पाहून आपण तीर्थंकर ओळखतो. बैल दिसला की आदिनाथ, सिंह दिसला की महावीर. मध्ययुगातल्या ख्रिस्ती हस्तलिखितांतही अशी ओळखीची चिन्हे असतात. आपल्या लांछनांशी त्यांचा काही संबंध नाही, पण चिन्ह वाचायची सवय असल्याने आपल्याला ती चटकन कळतात. आज त्यातल्या एका ग्रंथाविषयी.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे लहानसे बेट आहे. तिथल्या मठात इ. स. 700 च्या आसपास येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमाने लॅटिनमध्ये लिहून एका ग्रंथात बांधली गेली. ग्रंथातल्या एका जुन्या नोंदीप्रमाणे लेखक होते बिशप ईडफ्रिथ. 721 मध्ये त्यांचे निधन झाले. अक्षर आणि चित्रे दोन्ही त्यांच्याच हातची, असे अभ्यासक मानतात.

प्रत्येक शुभवर्तमानाआधी ते लिहिणाऱ्याचे चित्र आहे आणि सोबत त्याचे चिन्ह: मत्तयाचा मनुष्य, मार्काचा सिंह, लूकचे वासरू, योहानाचा गरुड. जुन्या धर्मगुरूंनी या चौघांत येशूचे जीवनच पाहिले. मनुष्य म्हणजे जन्म, वासरू म्हणजे बलिदान, सिंह म्हणजे पुनरुत्थान, गरुड म्हणजे स्वर्गारोहण. पुढे एक संपूर्ण पान नक्षीचे. गालिचाच अंथरला आहे असे वाटते. नजर स्थिरावली की वेलबुट्टीतून क्रूस दिसू लागतो. त्यानंतर ग्रंथाचे पहिले अक्षर, पानभर मोठे. लूकच्या पहिल्या पानावर अक्षरांभोवती शेंदरी रंगाचे सुमारे 10,600 ठिपके आहेत. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे काम किती सबुरीचे, ते सांगायला नको. निळा रंग अफगाणिस्तानातल्या मौल्यवान दगडाचा असावा, असे पूर्वी समजत. तपासणीत तो नीळ देणाऱ्या वनस्पतीचा निघाला.

आता मला अडवणारी गोष्ट. ही सगळी पाने वासरांच्या कातड्याची आहेत, आणि एवढ्या ग्रंथाला शंभराहून अधिक वासरे लागली. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस काढायचे, चौकटीवर ताणून तासायचे. कागद युरोपात यायला अजून काही शतके होती आणि ताडपत्रासाठी तिथे ताड नव्हता. कारण कळले तरी मन लगेच मानत नाही.

त्यात लूकचे चिन्ह वासरू. त्याची कथा सुरू होते ती जखऱ्या या पुरोहितापासून, यरुशलेमच्या मंदिरात, आणि तिथे पशू अर्पण केले जात. येशूने स्वतःचेच बलिदान दिले, आता पशुबळी नको, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. ईडफ्रिथ यांनी त्या वासराला पंख दिले, डोक्यामागे प्रभावळ काढली आणि शेजारी लॅटिनमध्ये ‘वासराची प्रतिमा’ असे लिहिले. पशुबळी थांबल्याचे सांगणारा धर्म, आणि ते लिहिलेले कातड्यावर! आपल्या मुलींनी हे पान पाहिले तर मी दोन्ही गोष्टी सांगेन. पंखांमागची भक्ती खरी आहे, आणि पानाखालचे कातडेही खरे आहे. भक्ती पाहून हिंसा विसरायची नाही. पण हिंसेमुळे त्या माणसाची श्रद्धा खोटीही ठरवायची नाही. दुसऱ्याचा धर्म समजून घेताना आपला अनेकांतवाद इथेच उपयोगी पडतो.

या ग्रंथाचे पुढे काय झाले? 793 मध्ये व्हायकिंग लुटारूंनी मठावर हल्ला केला. 875 मध्ये भिक्षूंनी बेट सोडले, आणि त्यांनी संत कथबर्ट यांच्या पार्थिवासोबत हा ग्रंथही नेला, असे परंपरा सांगते. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूंनी लॅटिन ओळींच्या मधे बारीक अक्षरात लोकांच्या बोलीतला अर्थ लिहिला. शुभवर्तमानांचे इंग्रजीतले सर्वांत जुने उपलब्ध भाषांतर ते हेच. आज हा ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

श्रुतपंचमीला आपण शास्त्रे बाहेर काढतो, पुसतो, नव्या वेष्टनात बांधतो. यंदा ते करताना एखादी पोथी उघडून मुलांना दाखवा: पान कशाचे, अक्षर कसे, आणि ते लिहायला एका माणसाचे किती दिवस गेले असतील.