प्रकाशाची शीतलता

उन्हात उभे राहिले की ऊब येते, हा आपला नित्याचा अनुभव. तोच प्रकाश एखाद्या पदार्थाला हिमापेक्षाही थंड करील, हे म्हणूनच विपरीत वाटते. परंतु उष्णता म्हणजे अणूंची धावपळ, हे ध्यानी घेतले की कोडे उलगडते. धावत येणाऱ्या अणूवर समोरून किंचित कमी कंपनसंख्येचा लेसर-प्रकाश टाकावा. अणूच्या गतीमुळे तो त्याला नेमका जुळतो; अणू प्रकाश शोषतो आणि प्रत्येक शोषणागणिक त्याला उलटा धक्का बसतो. असे हजारो धक्के बसले म्हणजे तो मंदावतो.

१९७५ साली ही युक्ती हान्श व शॉलो यांनी अणूंसाठी, तर वाइनलँड व डेमेल्ट यांनी विद्युत्‌भारित अणूंसाठी, म्हणजे आयनांसाठी, सुचविली. १९७८ मध्ये बोल्डर येथे मॅग्नेशियमचे आणि हायडेलबर्ग येथे बेरियमचे आयन प्रत्यक्ष थंड झाले. अणूंना सर्व बाजूंनी प्रकाशाने वेढून थंड करणे १९८५ मध्ये स्टीव्हन चू यांना साधले.

तथापि काही आयन या युक्तीला दाद देत नाहीत. रुबिडियमच्या अणूतील बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरलेला आयन क्रिप्टॉनसारखा अलिप्त होतो. नेहमीच्या लेसर-प्रकाशाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. मग त्याला थंड कसे करावे? थंड वायूशी टक्कर घडवावी, तर मेजर व डेमेल्ट यांनी १९६८ मध्येच इशारा दिला होता: वायूचा अणू आयनापेक्षा जड असेल, तर सापळ्यातला आयन उलट तापतो, वजने सारखी असली, तरी थंड होत नाही.

याचे उत्तर बंगळूरला मिळाले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तेथे १९४८ मध्ये स्थापिलेल्या संशोधनसंस्थेत सादिक रंगवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयनांचा आणि अणूंचा असे दोन सापळे एकाच जागी रचले. लेसरने थंड केलेल्या रुबिडियम-अणूंचा इवलासा पुंजका त्यांनी आयन-सापळ्याच्या ऐन मध्यावर ठेवला. विद्युत्क्षेत्राची ओढाताण तेथे सर्वांत कमी. म्हणून तेथील टक्कर आयनाची गती हिरावून घेते. शिवाय सजातीय अणू जवळ आला, तर वेगवान आयन त्याचा इलेक्ट्रॉन घेऊन निघून जातो आणि मागे उरतो तो थंड आयन! हे कार्य २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१७ मध्ये पोटॅशियमचे हलके आयनही रुबिडियमच्या जड अणूंनी तेथे थंड केले.

जुना सिद्धांत खोटा ठरला असे मात्र नव्हे. सापळाभर पसरलेल्या वायूला तो आजही लागू आहे. टक्कर कोणाशी होते याइतकेच ती कोठे होते यालाही महत्त्व आहे, हे बंगळूरच्या प्रयोगाने दाखवून दिले.